तिसरे पाते

मागच्या जूनमधल्या एका रविवारी उपासना सुरू असतानाच वीज गेली. बेळगावात पहिल्या मोठ्या पावसाबरोबर वीज जाणे ही नवलाची गोष्ट नाही. पाळकांनी आवाज थोडा चढवला, कौलांवरच्या सरींचा आवाज त्याहून चढला, आणि डोक्यावरचे पंखे एकेक करून मंदावत गेले. वेगात फिरणाऱ्या पंख्याची पाती दिसत नाहीत, नुसता एक करडा थाळा गरगरत असतो. वेग उतरला की त्या थाळ्यातून आधी तीन सावल्या सुटतात, मग तीन पाती, आणि अगदी शेवटी पात्यांवरची अक्षरे. आमच्या मंदिरातल्या, म्हणजे चर्चमधल्या, बहुतेक पंख्यांवर देणाऱ्यांची नावे लाल रंगाने लिहिलेली आहेत. माझ्या डोक्यावरचा पंखा मी दिलेला होता. तो नवा होता, आणि नावे रंगवून झाल्यापासून मी तो थांबलेला प्रथमच पाहत होते. एका पात्यावर आप्पांचे नाव होते, दुसऱ्यावर आईचे. दोन्ही नावांआधी ‘स्मरणार्थ’ हा शब्द नेटका लिहिला होता, आणि आईच्या नावातले जोडाक्षर, जे शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळ्यांनी चुकवले, तेही रंगाऱ्याने बरोबर काढले होते. तिसऱ्या पात्यावर काहीच नव्हते.

तिथे माझे नाव असायला हवे होते.

मी खजिनदारांना कागदावर तीन ओळी लिहून दिल्या होत्या. तिसऱ्या ओळीत माझे नाव आणि त्यापुढे ‘यांजकडून’ असे होते. उपासना संपल्यावर त्यांच्याही ते लक्षात आले. ‘बाई, चुकलंच बघा, रंगाऱ्याला परत बोलावतो,’ असे ते म्हणाले, आणि मी ताबडतोब म्हणाले, ‘असू दे की. त्याचं काय एवढं!’ हे म्हणताना माझा चेहरा हसरा होता. त्यानंतरचे आठ दिवस मात्र ते तिसरे पाते माझ्या डोळ्यांपुढून हलले नाही. पहाटे जाग आली की तेच दिसे. कोणत्या पंख्यावर कोणाचे नाव दोनदा आले आहे, व्यासपीठाजवळच्या फरशीवर कोणाचे कोरले आहे, ज्यांनी माझ्यापेक्षा कमी दिले त्यांची नावे कशी ठळक आहेत, याची मी अंथरुणात पडून मोजदाद करीत होते. निवृत्तीवेतनातून पैसे बाजूला काढताना मी स्वतःला आणि इतरांनाही हेच सांगितले होते की हा पंखा आप्पांच्या आणि आईच्या आठवणीसाठी आहे. त्यांची आठवण तर जशीच्या तशी, शुद्ध अक्षरांत, वर होती. तिच्यात उणे काहीच नव्हते. उणी होते ती फक्त मी, आणि तेवढ्याने माझी झोप गेली होती. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे वचन मी तीस वर्षे रविवारच्या शाळेत मुलांकडून पाठ करून घेतले आहे.

आम्ही सीमाभागातली माणसे नावांच्या बाबतीत हळवी आहोत. दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, बसच्या कपाळावर कोणती अक्षरे, जमिनीच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव कोणत्या भाषेत आले, यांवरून आमच्याकडे मने दुखावतात, मोर्चे निघतात, घराघरांत अबोला धरला जातो. गावाचे नाव २०१४ साली सरकारदरबारी बदलले तरी आमच्या तोंडी ते बेळगावच राहिले. त्या हळवेपणामागचे दुःख खरे आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. आपले नाव आपल्या अक्षरांत दिसावे, ही इच्छा माणसाने टाकून द्यावी असे मला आजही वाटत नाही. पण म्हणूनच आप्पांची एक आठवण त्या आठवड्यात मला सारखी टोचत राहिली, कारण त्यांचे सगळे आयुष्य एका नावाभोवती फिरले होते आणि ते नाव त्यांना कधीच कळले नाही.

आप्पा खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचे. तिथे पाऊस लागला की पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही आणि अंगावरच्या घोंगडीचा ओला वास पोळा सरेपर्यंत जात नाही. १९५५ च्या पावसाळ्यात भाताचे रोप लावताना चिखलात दडलेला बांबूचा खुंट त्यांच्या तळपायात घुसला. घरच्यांनी हळद भरली, पाला बांधला, देवाला कौल लावला. दहाव्या दिवशी पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला आणि ताप उतरेना, तेव्हा थोरल्या काकांनी त्यांना पाठीवर घेतले, चिखल तुडवत स्टेशन गाठले आणि मीटर गेजच्या गाडीने मिरजेला नेले. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उभे केलेले तिथले मिशनचे हॉस्पिटल आमच्या भागात इतके मुरलेले होते की लोक त्याला नुसते ‘मिरज’ म्हणत. अमक्याला मिरजेला नेले, एवढे म्हटले की दुखणे मोठे आहे हे ऐकणाऱ्याला उमगे. आप्पा तिथे पावणेदोन महिने होते. पाय वाचला. तळव्यावर टाचेपासून बोटांपर्यंत एक पांढरट, गुळगुळीत वण राहिला, आणि लहानपणी त्यांचे पाय चेपताना माझा अंगठा त्या वणावरून आपोआप घसरत असे.

त्या वॉर्डात सकाळ-संध्याकाळ एक माणूस इनॅमलचे घमेले घेऊन येई. घमेल्यात पोटॅशचे जांभळे कोमट पाणी असे. तो खाली फरशीवर बसे, आप्पांचा पाय मांडीवर घेई, चिकटलेली पट्टी पाण्याने भिजवून भिजवून सोडवी आणि पू धुऊन काढी. त्या पायाची दुर्गंधी अशी होती की शेजारच्या खाटेवरचा माणूस तोंड फिरवून झोपत असे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आप्पांनी त्याला त्याची जात विचारली. त्याने सांगितली. त्या जातीच्या माणसाच्या हातचे पाणी आप्पांच्या घरी कोणी पीत नव्हते. आप्पांनी पाय मागे ओढला, आणि तो माणूस काही न बोलता तसाच बसून राहिला, हातात ओले फडके धरून, पाय परत पुढे येईपर्यंत. किती वेळ गेला ते आप्पांना सांगता येत नसे. पाय पुढे गेला, एवढेच ते सांगत. ‘तो खाली बसून धूत होता, आणि मी वर बसून लहान होत होतो,’ असे ते म्हणत.

घरी जायच्या दिवशी तो कामावर नव्हता. पुढे आप्पा दोनदा मिरजेला जाऊन त्याचा शोध घेऊन आले, पण तोवर तो दुसरीकडे गेला होता, आणि नाव ठाऊक नसलेल्या माणसाचा माग कसा काढणार? शेवटच्या आजारपणात, दुपारच्या ग्लानीतून जागे होत, त्यांनी माझा हात धरून एकदाच स्पष्ट म्हटले होते, ‘जात विचारली बघ त्याला. नाव नाही विचारलं.’

१९५७ साली आप्पांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. आदल्याच वर्षी आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता, त्यामुळे ‘एका वर्षात राज्य बदललं, धर्म बदलला, घर बदललं,’ असे आई म्हणत असे, आणि ते म्हणताना तिच्या आवाजात तक्रार होती की कौतुक, हे मला कधी नीट कळले नाही. या शहराला अशा गोष्टी नव्या नव्हत्या. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली इथे काम सुरू केले, आणि बाबा पदमनजी १८३१ साली इथेच जन्मले. कासाराच्या घरातला हा मुलगा इथल्या मिशनच्या शाळेत शिकला, पुढे मुंबईला गेला, आणि १८५४ साली त्याने बाप्तिस्मा घेतला तोही इथेच. पुढे मराठी गद्याच्या इतिहासात त्यांचे नाव कायमचे लागले आणि विधवांच्या दुःखावर त्यांनी १८५७ साली लिहिलेले पुस्तक आजही मराठीच्या वर्गात सांगितले जाते. मीही ते सांगितले आहे. पण वर्गात सांगताना माझे मन नेहमी त्या एका गोष्टीवर अडखळे. दूरच्या शहरात, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथे असा निर्णय घेणे त्या मानाने सोपे असते. ज्या गल्लीतली प्रत्येक आजी आपल्याला नावाने हाक मारते, तिथे परत येऊन तो घ्यायचा, म्हणजे त्या प्रत्येक हाकेची किंमत मोजायची.

आप्पांनीही ती मोजली. गावी गेल्यावर त्यांना उंबऱ्याच्या आत घेतले जात नसे. आजोबा ओट्यावर येऊन बसत, तांब्या दूर ठेवला जाई, पाऊसपाण्याचे बोलणे होई आणि आप्पा शेवटच्या बसने परत येत. एका कौलांच्या कारखान्यात त्यांना हिशेबनिसाची नोकरी मिळाली होती. भट्टीतून निघालेली कौले मोजून घ्यायची, फुटकी वेगळी काढायची, गाडीवानांच्या खेपा टिपायच्या. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाही तर पाया घालून काम अर्धवट राहील, हे लूकच्या चौदाव्या अध्यायातले येशूचे बोलणे त्यांना म्हणूनच फार जवळचे वाटे. ‘प्रभूने हिशेबनिसाची भाषा वापरली आहे,’ असे ते अभिमानाने सांगत. त्याच्या आधीच्या ओळी, आईबाप, बायको, मुले, भाऊ, बहिणी यांच्याबद्दलच्या, त्या मात्र ते आम्हा मुलांसमोर मोठ्याने वाचत नसत. त्या ओळी मी मोठी झाल्यावर स्वतः वाचल्या आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

आजोबा १९६८ साली वारले. वर्षभराने थोरल्या काकांचा निरोप आला की खानापूरला कचेरीत येऊन सही करावी. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि आप्पांनी मला बरोबर नेले होते. बेळगावच्या कोर्टातल्या एका वकिलांनी त्यांना आधीच सांगून ठेवले होते की दावा लावला तर हिस्सा मिळेल. धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसा जात नाही, असा कायदा १८५० पासून होता, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेही धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा हक्क काढून घेतलेला नाही. धर्मांतरानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलांना मात्र त्या नातेवाइकांचा वारसा त्या कायद्याने मिळत नाही. याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. जे काही होते ते आप्पांच्या एकट्याच्या हातात होते, आणि त्यांनी हात उघडला की आमच्यापर्यंत काही येण्याचा रस्ताच उरत नव्हता. त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली. कचेरीतल्या निळ्या शाईचा वास, काकांच्या कपाळावरचा घाम, आणि सही झाल्यावर दोघेही भाऊ एकमेकांकडे न पाहता एकाच बाकावर बसलेले, एवढे मला आठवते. परतताना आप्पा मलप्रभेच्या घाटावर उतरले, चपला काढून पाण्यात पाय सोडून बसले, आणि मी त्यांच्या शेजारी. नदीचे पाणी त्या पांढऱ्या वणावरून जात होते. मी विचारले, ‘आपलं शेत आता नाही काय?’ ते म्हणाले, ‘थोरल्यानं मला पाठीवर घेऊन स्टेशनापर्यंत आणलं होतं गे. त्याच्यावर दावा कुठल्या तोंडानं लावू?’

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले आहे. साक्ष देताना सांगितली, तरुणांच्या शिबिरात सांगितली, माझ्या निरोप समारंभातही सांगितली. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. त्या तिसऱ्या पात्यामुळे जागे राहण्याच्या रात्रींत मला प्रथमच असे वाटले की आप्पांनी जे गमावले त्याच्या व्याजावर मी जगले आहे. त्यांनी शेत सोडले आणि त्याबद्दल कधी तोंड उघडले नाही. मी काहीच सोडले नाही आणि त्यांचे सोडणे माझ्या नावावर मांडत राहिले.

आईची बाजू तर मी कुठेच सांगितली नव्हती. ती शिवणकाम करून घर चालवी. भाड्याच्या घराची कौले दर पावसाळ्यात गळत, आणि कौलांच्या कारखान्यातल्या माणसाच्या घरी गळती लागावी, यावर शेजारणी हसत. माझ्या धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला जागा मिळाली आणि पैशांअभावी ती सोडावी लागली, त्या रात्री आई आप्पांना म्हणाली, ‘तुम्ही सोडलं ते तुमचं होतं, कबूल. पण त्यातलं थोडं या पोरांचं नव्हतं काय?’ आप्पांनी उत्तर दिले नाही. त्यांच्या त्या गप्प राहण्यात नम्रता होती, की उत्तर नसल्याची शरम, हे मला आजही ठरवता येत नाही. शिष्य होणाऱ्याने किंमत मोजावी हे खरे, पण त्याच्या बरोबरच्यांकडून ती न विचारता घेतली जाते, तिचे काय? नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या त्यागाबद्दल आम्ही ख्रिस्ती लोक भरभरून बोलतो, आणि १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला हे सांगताना आमचा ऊर भरून येतो. पण त्या १८९५ नंतरची वर्षे लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापासून दूर, मुलाला पोटाशी धरून, लोकांचे बोलणे सोसत काढली. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आपल्या पायांनी चालत तिथवर आल्यावर. त्या पाच वर्षांची किंमत कोणाच्या खात्यावर मांडायची?

आणि माझी आजी. तिने तर कोणाचे शिष्यत्व पत्करले नव्हते. दर दिवाळीच्या आसपास खानापूरहून येणाऱ्या बसचा कंडक्टर एक लहानसे पोते आमच्या दारात टाकून जाई. त्यात नवा तांदूळ असे. आई पोत्याचे तोंड सोडी आणि सगळ्या घरात तो वास पसरे, ओल्या पेंढ्याचा आणि दुधाचा मिळून असतो तसा. आप्पा मूठभर दाणे हातात घेऊन नाकाशी धरत, आणि मग उठून मागच्या दारी जात. आजी एकदाच आमच्याकडे आली. बाहेरच्या कट्ट्यावर बसली, पाणीसुद्धा घेतले नाही, माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि निघताना आप्पांना म्हणाली, ‘तुझ्या देवाला सांग, माझं लेकरू नीट सांभाळ म्हणून.’ कुरेनेकर शिमोनाला रस्त्यातून धरून त्याच्या खांद्यावर येशूचा वधस्तंभ दिला गेला. तो शेतावरून येत होता, असे शुभवर्तमान सांगते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, हे वाचन येते तेव्हा मला दर वेळी आजी दिसते.

आता मावशींबद्दल लिहायला हवे, आणि ते मला सर्वांत जड जाते.

मावशी आमच्या मंदिराची झाडलोट करतात. सकाळी मराठी उपासना, तिच्यामागून कन्नड, आणि दोन्हींच्या मधल्या पाऊण तासात त्या बाके पुसतात, चटया झटकतात, गायनाची पुस्तके जागच्या जागी लावतात. उपासनेला त्या नेहमी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतात. काही वर्षांपूर्वी मी त्यांना पुढे बोलावले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मागंच बरं बाई, वारं येतंय.’ लूकच्या त्याच चौदाव्या अध्यायात मेजवानीला आलेल्यांनी मुख्य आसन न घेता शेवटच्या जागी बसावे, असा दाखला आहे. मी रविवारच्या शाळेत मुलांना तो शिकवताना मावशींचे उदाहरण दिले. त्या मागे पाणी भरीत होत्या आणि त्यांनी ते ऐकले. मुले गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि अगदी साधेपणाने, मला दुखवायचा कसलाही हेतू न ठेवता, म्हणाल्या, ‘बाई, तसं काय न्हाई. आमची आई फुडं बसली की तिला उठवायचे. म्हणून आमी मागं बसायला शिकलाव.’

कोणी उठवायचे, कुठे, हे त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारायचे धैर्य झाले नाही. जी व्यथा होती तिला मी सद्गुण म्हणून फळ्यावर लिहिले होते. त्यांचा मुलगा माझ्याच हाताखाली शिकला. गणितात हुशार. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. पिढ्यानपिढ्या तेच काम, तीच वस्ती, तीच वागणूक वाट्याला आली तरी बाप्तिस्म्यानंतर तो दाखला मिळत नाही. पुष्कळ जण कागदावर एक आणि मनात एक असे जगतात, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. मावशींच्या मुलाने अर्जातल्या धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिले. आज तो एका गॅरेजमध्ये काम करतो. त्याच्या त्या एका शब्दाची साक्ष कोणत्या शिबिरात कोणी सांगितलेली मी ऐकलेली नाही. आप्पांकडे सोडायला शेत होते, म्हणून त्यांच्या सोडण्याची गोष्ट झाली.

त्या दिवसापासून नम्रतेवर बोलताना माझी जीभ अडखळते. ज्याला कधी ताठ उभे राहू दिले नाही त्याला वाकायला सांगणे हे शुभवर्तमान असू शकत नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायात, येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो त्याच्या अगदी आधी, एक ओळ आहे आणि ती मी कितीतरी वर्षे घाईने ओलांडून पुढे गेले होते. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून तो भोजनावरून उठला, अशी ती ओळ आहे. आपण कोण आहोत हे त्याला पुरते ठाऊक होते आणि म्हणून तो खाली बसला. त्याला कोणी बसवले नव्हते. ज्यांचे पाय त्याने धुतले त्यांत यहूदाही होता. त्याने पाय धुतल्यावर नाव कोठे लिहवून घेतले नाही, पण आपण गुरू आणि प्रभू आहोत हे नाकारलेही नाही. ‘तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता, आणि ते बरोबर म्हणता,’ असे तो त्याच बैठकीत सांगतो.

आणि मग मी मिरजेच्या त्या माणसाकडे परत येते. तो घमेले घेऊन खाली बसे ते नम्रतेने की दुसरे काम त्याला मिळाले नसते म्हणून? आप्पांनी त्यात ख्रिस्त पाहिला, आणि तो पाहण्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण ज्या क्षणी आप्पांनी पाय मागे ओढला, त्या क्षणी तो माणूस उठून जाऊ शकला असता. पट्टी तशीच टाकून दुसऱ्या खाटेकडे वळला असता तर कोणी त्याला विचारले नसते. तो बसून राहिला, हातात ओले फडके धरून. त्या बसून राहण्यात त्याचे स्वतःचे, कोणी न लादलेले, काहीतरी होते असे मला वाटते. त्याच्या आतून त्या वेळी काय गेले असेल, हे विचारायला आमच्या घरातल्या कोणाकडे त्याचे नाव नाही.

गेल्या शनिवारी मी मंदिरात गेले होते. खजिनदारांनी फोन करून सांगितले होते की रंगारी येणार आहे, काय लिहायचे ते त्याला एकदा समोर सांगा. माझ्या पिशवीत चिठ्ठी होती. घरून निघताना मी तिच्यावर माझे नाव लिहिले होते, ऑटोत बसल्यावर ते खोडले होते, आणि खाली दुसरे काही लिहायला गेले तर पेन तसेच थांबले होते. रंगारी आला नव्हता. पाऊस उघडला होता, दारातून उन्हाचा एक पट्टा फरशीवर आला होता आणि त्यात मावशी लाकडी स्टूल ओढत पंख्याखाली आणत होत्या. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. मावशींनी माझ्याकडे पाहिले, पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘आलाय तर जरा धरा की बाई.’ मी पिशवी बाकावर ठेवली आणि खाली बसून दोन्ही हातांनी स्टूल धरले. त्यांची पावले माझ्या तोंडासमोर होती. टाचांना भेगा, अंगठ्याच्या नखात काळी माती. वर त्या ओल्या फडक्याने पाती पुसत होत्या, एक पुसून झाले की हाताने पंखा थोडा फिरवून पुढचे जवळ घेत होत्या, आणि पावसाळ्यातली चिकट धूळ माझ्या केसांवर, चष्म्यावर, मानेवर पडत होती. कोणते पाते चालले आहे ते मला खालून दिसत नव्हते.

‘घट्ट धरा हां,’ त्या वरून म्हणाल्या, ‘अजून एक ऱ्हायलंय.’